मागच्या चाकाचा कल : स्पिटफायर मोटारीच्या दुरुस्तीचा एक अभ्यास

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेरॉल्ड मोटार होती. एके दिवशी तिचे मागचे चाक पंक्चर झाले आणि चालकाने भर बाजारात जॅक लावून ती बाजू उचलली. गाडी जसजशी वर जाऊ लागली, तसतसे ते चाक खालच्या अंगाने आत वळत गेले आणि शेवटी बसू पाहणाऱ्या वासराच्या पायासारखे पोटाखाली दुमडले. आम्ही पोरे ओरडलो, "चाक मोडलं!" चालक हसला. म्हणाला, "मोडलं नाही रे. गाडी खाली आली की आपोआप सरळ होतं." मात्र गाडी खाली आली, तरी ते लगेच सरळ झाले नाही. चार पावले पुढे ढकलल्यावर हळूहळू आपल्या जागी बसले.

त्या दृश्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळला. इतिहासाच्या शिक्षकाने मोटारीच्या मागच्या चाकांवर लेख लिहावा ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु यंत्रालाही इतिहास असतो. त्यात चुका असतात, त्या चुकांचे समर्थन असते आणि चुका सुधारण्याचे प्रयत्नही असतात. शिवाय आमच्या वसतिगृहातून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी काहीजण दरवर्षी आय. टी. आय.च्या मोटार मेकॅनिक ट्रेडला जातात. त्यांच्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. गाडीच्या मागे उभे राहून चाकाकडे पाहिले असता ते ओळंब्याच्या रेषेत असेल, तर त्याचा कल शून्य. चाकाचा माथा गाडीकडे आत झुकला असेल तर ऋण कल, बाहेर झुकला असेल तर धन कल. ह्या कलालाच गॅरेजमध्ये कॅम्बर म्हणतात. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर येतो. त्या वेळी त्या चाकाचा टायर रस्त्यावर सपाट टेकलेला असावा लागतो. तो किंचित ऋण कलाचा असला तर चांगले. धन कलाचा झाला, तर टायर कडेवर उभा राहतो आणि पकड जाते. साध्या प्रवासी गाडीत हा प्रश्न क्वचितच जाणवतो. स्पोर्ट्स कार वेगाने वळण्यासाठीच विकत घेतली जाते, म्हणून तेथे तो निर्णायक ठरतो.

आता स्पिटफायरकडे येऊ. इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ही दोन आसनांची उघडी गाडी १९६२ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडली. तिचे रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती ह्यांनी रेखाटले होते. इंजिन ११४७ सी.सी.चे होते. १९८० पर्यंत ह्या गाड्या बनत राहिल्या आणि एकूण तीन लाखांहून अधिक निघाल्या. गाडी देखणी होती, स्वस्त होती. मात्र तिचा सांगाडा स्वतंत्र नव्हता. १९५९ च्या ट्रायम्फ हेरॉल्ड ह्या साध्या कुटुंबी गाडीची चेसिस आखूड करून ती बनवली होती, आणि हेरॉल्डचे मागचे सस्पेन्शनही तिच्याबरोबर आले. ह्याच हेरॉल्डचे भारतीय भावंड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया कंपनीने १९६१ पासून बनवले. डॉक्टरांची गाडी त्यांतलीच.

ह्या मांडणीस स्विंग ॲक्सल म्हणतात. ऑस्ट्रियन अभियंता एडमंड रुम्प्लर ह्यांनी १९०३ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. तिच्यात डिफरन्शियल चेसिसला पक्के बसवलेले असते. त्यातून दोन्ही बाजूंना एकेक हाफ शाफ्ट निघतो. प्रत्येक शाफ्टला सांधा एकच, आणि तोही आतल्या टोकाला, डिफरन्शियलजवळ. बाहेरच्या टोकाला सांधा नाही. तेथे चाक शाफ्टशी काटकोनात घट्ट असते. स्पिटफायरमध्ये डिफरन्शियलच्या डोक्यावर आडवी लीफ स्प्रिंग, म्हणजे टांग्याला असतात तसे पाटे, बसवलेले असतात आणि त्यांची टोके दोन्ही चाकांच्या उभ्या आधारांना जोडलेली असतात.

विद्यार्थ्यांनी हे हाताने करून पाहावे. दोन फूटपट्ट्या घ्या. एका लाकडी ठोकळ्याच्या दोन बाजूंना त्या बिजागरीने जोडा. पट्ट्यांच्या बाहेरच्या टोकांना पुठ्ठ्याच्या चकत्या काटकोनात चिकटवा. ठोकळा वर उचला. चकत्या खालून आत येतात आणि माथे बाहेर फाकतात. हा धन कल. ठोकळा खाली दाबा. आता माथे आत येतात. हा ऋण कल. म्हणजे चाकाचा कल हा चाकाचा गुण नसून ठोकळ्याच्या उंचीचा परिणाम आहे. बाजारातल्या त्या चालकाने हेच सांगितले होते.

हा बदल किती मोठा असतो ते पाहा. शाफ्टची लांबी सुमारे अर्धा मीटर धरू. गाडीचा मागचा भाग अवघा ५ सेंटिमीटर उचलला गेला, तर कल जवळजवळ ६ अंशांनी बदलतो. आपल्याकडे व्हील अलाइनमेंट करणारा कारागीर अर्ध्या अंशासाठी बोल्ट फिरवत बसतो, ह्याची आठवण ठेवली म्हणजे ६ अंशांचे गांभीर्य ध्यानात येईल.

पण वळणावर गाडी उचलली का जावी? येथे शिडीचा दाखला उपयोगी पडतो. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय आत सरकवला, की तिचे डोके वर चढते. वळणावर रस्ता बाहेरच्या टायरला आतल्या बाजूस रेटतो. टायर रस्त्याला टेकतो ती जागा म्हणजे शिडीचा पाय, आणि डिफरन्शियलजवळचा उंचावरील सांधा म्हणजे तिचे डोके. पायाला आत रेटा मिळाला, की डोके वर जाते आणि त्याबरोबर गाडीही. गाडी वर गेली, की चाक धन कलाकडे झुकते आणि शिडी अधिक उभी होते. शिडी उभी झाली, की तोच रेटा तिला आणखी सहज वर चढवतो. दोष दोषाला वाढवीत जातो. इंग्रजीत ह्याला जॅकिंग म्हणतात आणि तो शब्द अगदी योग्य आहे, कारण रस्ताच गाडीला जॅक लावतो.

ह्यात एक क्रूर गोष्ट आहे. वळणात वेग जास्त झाला असे वाटताच माणूस घाबरतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. ही माणसाची नैसर्गिक प्रतिक्रिया होय. परंतु पाय काढताच गाडीचा भार पुढे जातो, मागचा भाग हलका होऊन उचलला जातो आणि चाके त्याच क्षणी आत दुमडतात. म्हणजे सावध होणाऱ्या माणसालाच ही रचना शिक्षा करते. कसलेला चालक वळणाआधीच वेग कमी करील आणि वळणात पाय स्थिर ठेवील, हे खरे. परंतु जी गाडी बाजारात कोणालाही विकली जाते, ती केवळ कसलेल्या चालकाच्या हाती जाईल असे गृहीत धरणे आम्हांस मान्य नाही.

हा वाद सर्वांत मोठ्याने अमेरिकेत झाला, आणि तो स्पिटफायरवरून नव्हे तर शेव्हरोले कॉर्व्हेअरवरून. १९६० च्या ह्या गाडीचे इंजिन मागे होते आणि मागे स्विंग ॲक्सल होता. कंपनीने समतोल राखण्यासाठी पुढच्या टायरमध्ये १५ पौंड आणि मागच्या टायरमध्ये २६ पौंड हवा ठेवण्यास सांगितले होते. थोडक्यात, सांध्याचा दोष हवेने झाकला होता, आणि ती जबाबदारी पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोरावर टाकली होती. १९६४ मध्ये पुढे अँटी-रोल बार आणि मागे एक आडवी स्प्रिंग आली. १९६५ च्या नमुन्यात शाफ्टला बाहेरच्या टोकालाही सांधा मिळाला आणि मूळ दोषच गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ नेडर ह्यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण जुन्या कॉर्व्हेअरवर होते. कंपनीने त्यांच्या खासगी जीवनाची हेरगिरी केली, आणि मार्च १९६६ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश ह्यांना सिनेटच्या उपसमितीपुढे क्षमा मागावी लागली. सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत मोटार सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबू नये. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वाहतूक-सुरक्षा यंत्रणेने चाचण्या करून अहवाल दिला. १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेअरमध्ये, त्या काळच्या तत्सम गाड्यांच्या तुलनेत, ताबा सुटण्याची किंवा उलटण्याची शक्यता असाधारण नाही, असे त्यात म्हटले होते. म्हणून कॉर्व्हेअर ही एकटीच पापी गाडी होती, असे लिहिणे असत्य ठरेल. मात्र ह्या अहवालाने स्विंग ॲक्सल निर्दोष ठरतो असेही नाही, कारण तुलनेस घेतलेल्या गाड्यांतही स्विंग ॲक्सलवाल्या होत्याच. दोष अनेकांत असला म्हणून तो दोष राहत नाही, हा युक्तिवाद आम्हांस परिचित आहे. तो मोटारींपुरता मर्यादित नाही.

आता दुरुस्तीचा विचार करू. आधुनिक स्पोर्ट्स कारमध्ये काम तुलनेने सरळ असते. १९८९ च्या माझ्दा एमएक्स-५ गाडीत मागच्या खालच्या विशबोनचे बोल्ट विकेंद्री असतात. बोल्ट फिरवला की विशबोन थोडा आत-बाहेर सरकतो आणि चाकाचा कल बदलतो. स्पिटफायरमध्ये असा बोल्टच नाही. तिच्यात कल हा उंचीचा परिणाम असल्यामुळे उंची, स्प्रिंग किंवा सांधा ह्यांपैकी काहीतरी बदलावे लागते.

अनेक मालकांनी प्रथम उंची बदलली. स्प्रिंग आणि डिफरन्शियल ह्यांच्यामध्ये सुमारे एक इंचाचा ठोकळा घातला आणि त्यासाठी लांब स्टड लावले, की गाडी तेवढी खाली बसते व चाकांना सुरुवातीलाच ऋण कल मिळतो. शर्यतीवाल्यांची ही जुनी युक्ती. ती खोटी नाही, कारण दुमडण्याआधी चाकाला अधिक अंतर कापावे लागते. पण शिडी तीच राहते. सरळ रस्त्यावर टायर आतल्या कडेने झिजतात, मागे सामान ठेवले की कल आणखी वाढतो आणि खड्ड्यात गाडीचे पोट घासते. आमच्या मते हा उपाय अर्धवट होय.

दुसरा मार्ग भरपाईच्या स्प्रिंगचा. पोर्शेने १९६० च्या ३५६ सुपर ९० मध्ये तो वापरला. दोन्ही शाफ्टच्या खालून एक आडवी स्प्रिंग जाते आणि तिचा मध्य गाडीला सांध्याने जोडलेला असतो. दोन्ही चाके एकाच वेळी खाली लोंबू लागली की ती विरोध करते. एक वर आणि एक खाली गेले, तर तराजूच्या दांडीसारखी नुसती झुलते. मर्सिडीजने वेगळी वाट काढली. १९५७ च्या ३०० एसएल रोडस्टरमध्ये दोन्ही शाफ्टचा झुलण्याचा बिंदूच खाली आणला, म्हणजे शिडीचे डोके ठेंगणे केले.

ट्रायम्फने स्वतः काय केले, ते अधिक उद्बोधक आहे. स्पिटफायरचीच बंद छपराची, सहा सिलिंडरची बहीण जीटी६ हिच्यावर टीका फार झाली. तेव्हा १९६८ मध्ये तिला खाली विशबोन आणि शाफ्टमध्ये रबरी कपलिंग देण्यात आले. चाक शाफ्टच्या दास्यातून सुटले. हा खरा उपाय, पण खर्चिक. स्वस्त स्पिटफायरसाठी तो खर्च कंपनीने केला नाही. १९७० च्या मार्क ४ नमुन्यात तिने स्विंग-स्प्रिंग आणली.

ही युक्ती नीट समजून घ्यावी. पूर्वी सगळे पाटे डिफरन्शियलवर घट्ट आवळलेले असत. गाडी वळणात कलली, की ते कलण्यास जोराने विरोध करीत, आणि त्या विरोधाचा सारा भार बाहेरच्या मागच्या टायरवर पडे. भार वाढला की रेटा वाढतो, आणि रेटा वाढला की शिडी वर चढते. नव्या स्प्रिंगमध्ये फक्त एकच पाटा घट्ट ठेवला आणि बाकीचे मध्यावर झुलण्यास मोकळे केले. दोन्ही चाके एकदम दबली, तर सारे पाटे काम करतात. गाडी कलली, तर मोकळे पाटे कुरकुर न करता झुलतात. मागचा विरोध असा कमी केला आणि पुढे अधिक जाड अँटी-रोल बार बसवून ते काम पुढच्या चाकांकडे सोपवले. सांधा तोच, शाफ्ट तोच, तरी दुमडण्याची वाईट खोड बरीच आटोक्यात आली. जुन्या गाडीला ही स्प्रिंग बसवता येते. मात्र पुढचा जाड बार न बसवता नुसती स्प्रिंग बसवणारा कारागीर अर्धे काम करतो, आणि त्याची गाडी वळणात नको तितकी झोपते.

प्रत्यक्ष काम करताना क्रम मोडू नये. आधी टायरची हवा पाहावी, जमीन सपाट आहे ना ते पाहावे. गाडी जॅकवरून उतरवली असेल, तर माप घेण्याआधी तिला काही मीटर पुढे-मागे लोटावे, नाहीतर चाक दुमडलेल्या स्थितीत अडकून राहते आणि माप खोटे येते. मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तितके वजन आसनांवर ठेवावे. मग गवंड्याचा ओळंबा चाकासमोर सोडावा आणि रिमच्या वरच्या व खालच्या काठापासून दोरीचे अंतर मोजावे. रिम काठापासून काठापर्यंत ३५० मिलिमीटर असेल, तर दोन्ही अंतरांतील ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक अंश. यंत्र नसले तरी ओळंबा खोटे बोलत नाही. दोन्ही बाजूंची मापे वहीत लिहावीत.

दोन्ही चाकांचे माथे सारखेच आणि फार आत झुकले असतील, तर पाटे थकले आहेत असे समजावे. पाटे नवे टाकावेत. खाली ठोकळे लावून फसवू नये. एकाच चाकाचा कल वेगळा असेल, तर स्प्रिंगला हात लावण्याआधी उभ्या आधाराचे बुश, चाकाचे बेअरिंग आणि शाफ्टचा क्रॉस हलवून पाहावा. झिजलेला बुश अनेकदा वाकलेल्या चेसिसचे सोंग घेतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, तिच्या नेहमीच्या उंचीवरच आवळावेत. अन्यथा रबर पिळलेले राहते, गाडीला एका उंचीवर धरून ठेवते आणि लवकर फाटते. शेवटी टो, म्हणजे वरून पाहता चाके आत वळली आहेत की बाहेर, तो तपासावा. स्पिटफायरमध्ये पुढे जाणाऱ्या रेडियस आर्मच्या ब्रॅकेटखाली पातळ पत्र्या घालून किंवा काढून तो जुळवतात. कल बदलला की टोही हलतो, म्हणून तो आधी जुळवणे व्यर्थ आहे.

राहिला प्रश्न आपल्याकडच्या हेरॉल्डचा. पुढे पाचजण आणि मागे सामान घेऊन निघाली, की तिची मागची चाके खालून बाहेर फाकत. रिकामी धावली, की सरळ होत. भारतीय ग्राहकांचा आणि कारागिरांचा ह्या रचनेवर विश्वास बसला नाही. १९७२ मध्ये कंपनीने स्टँडर्ड गॅझेल आणली, तेव्हा स्विंग ॲक्सल काढून तिला साधा अखंड ॲक्सल दिला. दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्यावर असल्यामुळे गाडी कितीही उचलली गेली, तरी कल जवळजवळ शून्यच राहतो. एका चाकाखाली दगड आला की दुसरेही झुकते, बसणाऱ्याला धक्के अधिक लागतात, आणि पुस्तकी दृष्टीने हे मागे जाणे आहे. आम्ही मात्र त्यास मागे जाणे म्हणणार नाही. जो सांधा गावच्या गॅरेजमध्ये नीट होत नाही, तो त्या गावच्या रस्त्यावर चालवणाऱ्याने का सांभाळावा? गॅझेल फार वर्षे चालली नाही. डॉक्टरांची हेरॉल्ड त्यांच्या वाड्यामागे चिंचेखाली उभी राहिली होती, टायर बसलेले, आणि चाकांचे माथे आत झुकलेले. पाटे थकले होते.